डिजिटल वेलबीइंग, सात महिन्यांनंतर: एका घरातील सहा फोनांचा अनुभव

गोव्यातील म्हार्दोळच्या आमच्या घरात चार फोन आहेत, पाचवा दिरांबरोबर बोटीवर असतो आणि सहावा फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीचा. या सहाही फोनांत अँड्रॉइडची ‘डिजिटल वेलबीइंग’ ही सोय आम्ही गेल्या चवथीनंतर चालू केली. आता शिगमा आटोपला आहे, म्हणजे सात महिने ती सलग वापरून झाली. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या कौतुकावर माझा फारसा विश्वास नाही. मर्यादा लावण्याचा उत्साह ओसरल्यावर हाती काय उरते, ते पाहूनच लिहावे असे मी ठरवले होते.

गूगलने ही सोय 2018 च्या मे महिन्यात जाहीर केली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड 9 बरोबर ती फोनांत येऊ लागली. आता ती सहसा फोनच्या सेटिंगमध्येच सापडते. दिवसभरात कोणते ॲप किती वेळ उघडे होते, फोन किती वेळा अनलॉक केला आणि किती नोटिफिकेशन आली, असा तिहेरी हिशेब ती देते. प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा लावता येते. ती संपली की ॲप थांबते, त्याचे चिन्ह करडे होते आणि मध्यरात्री हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ‘फोकस मोड’ निवडलेली ॲप काही काळ बंद ठेवतो, तर ‘बेडटाइम मोड’ ठरलेल्या वेळी पडदा काळापांढरा करतो आणि फोन शांत करतो. लावलेली मर्यादा मात्र ज्याची त्याला दहा सेकंदांत काढता येते. हे आधीच सांगते, कारण सोय ज्या हेतूने बनवली आहे तो लक्षात घेतला नाही, तर तिच्याकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. आम्हीही सुरुवातीला ती ठेवली होती.

मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते, त्यामुळे आकड्यांची मला सवय आहे. तरीही पहिल्या आठवड्याअखेर माझा आकडा रोज सरासरी 3 तास 40 मिनिटे निघाला, तेव्हा मला धक्का बसला. त्याहून महत्त्वाची होती त्या वेळेची विभागणी. सकाळी कदंबाच्या बसमध्ये वीस मिनिटे, दुपारी डबा खाताना तेवढीच, संध्याकाळी थोडीफार. आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ रात्री दहापासून बारा-सव्वाबारापर्यंत, अंथरुणावर, रील्स पाहण्यात. आदल्या रात्री काय पाहिले हे दुसऱ्या दिवशी आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला तीनच गोष्टी सांगता आल्या.

मी तीस मिनिटांची मर्यादा लावली. बारा दिवस ती पाळली गेली आणि तेराव्या रात्री, महिनाअखेरीचे काम उरकून थकून आले असताना, मी ती ‘आजच्यापुरती’ काढली. ऑक्टोबर महिन्यात अशा एकोणीस रात्री झाल्या. नंतर माझ्याच नोंदी पाहिल्या, तेव्हा दिसले की ज्या दिवशी काम जास्त, मन उदास किंवा घरात कुणाशी बोलाचाली झालेली, त्याच दिवशी मर्यादा काढली गेली होती. म्हणजे ज्या रात्री तिची खरी गरज होती, त्याच रात्री ती टिकत नव्हती.

यामागची यंत्रणा समजून घेतल्यावर मी स्वतःला दोष देणे कमी केले. पान कधीच संपू न देणारी, खाली सरकवत राहिले की नवे येत राहणारी रचना एझा रास्किन या अभियंत्याने 2006 मध्ये बनवली, आणि पुढे तिच्या परिणामांविषयी त्याने स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. ‘गोमन्तक’ असो वा ‘नवप्रभा’, शेवटचे पान आले की आपण अंक मिटून ठेवतो. इथे शेवटचे पानच नाही. दुसरी गोष्ट बक्षिसाच्या अनिश्चिततेची. प्रत्येक वेळी बक्षीस मिळाल्यापेक्षा, ते कधी मिळेल याचा नेम नसताना वागणूक अधिक चिवट होते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. फेरीच्या धक्क्यावर गरी टाकून बसलेल्या माणसाला हे प्रयोग वाचावे लागत नाहीत. दर खेपेला मासा लागला असता तर तो पिशवी भरून कधीच घरी गेला असता, आणि कधीच लागला नसता तरी गेला असता. अधूनमधून लागतो म्हणूनच तो अंधार पडेपर्यंत बसून राहतो.

मला खरा उपयोग झाला तो बेडटाइम मोडचा. नोव्हेंबरपासून रात्री सव्वादहाला माझा पडदा काळापांढरा होतो. कुणी काही अडवत नाही, सगळे चालू असते. परंतु रंग गेले की त्या चित्रफितींची ओढ बरीच ओसरते आणि पंधरा-वीस मिनिटांत फोन आपोआप खाली ठेवला जातो. अडवणूक मोडायची माणसाला इच्छा होते, पण इथे मोडण्यासारखे काही समोर येतच नाही. फेब्रुवारीत माझी रोजची सरासरी 2 तास 5 मिनिटांवर आली. मोजक्या रात्री मी रंग परत आणले, हेही नोंदवते.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नववीत शिकतो. त्याच्या फोनवर आम्ही पाऊण तासाची मर्यादा लावली आणि ती त्याने त्याच संध्याकाळी काढून टाकली. इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी वेगळी खाती 2024 च्या सप्टेंबरात आणली आणि भारतात ती 2025 च्या फेब्रुवारीपासून लागू होऊ लागली. त्यांत रोज 60 मिनिटांनंतर आठवण दिली जाते, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद राहतात आणि 16 वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करण्यासाठी पालकांची संमती लागते. आमच्या मुलाने खाते उघडताना जन्मसाल पुढचे-मागचे घातले होते, त्यामुळे त्याचे खाते प्रौढाचे ठरले होते. ज्या घरांत या वयाची मुले आहेत त्यांनी सर्वांत आधी हे जन्मसाल तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यानंतर मी त्याच्यावर रागावले, तेव्हा तो म्हणाला, “आई, मी बघत बसत नाही गो, मी उत्तरं देतो.” हे मला नवीन होते. त्याच्या फोनचा हिशेब उघडून आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला. तो खरेच सांगत होता. चित्रफितींपेक्षा मित्रांच्या गटातील संभाषणावर त्याचा वेळ अधिक जात होता, आणि फोन दिवसाला दीडशेपेक्षा जास्त वेळा अनलॉक होत होता. रविवारच्या फुटबॉलचा संघ त्या गटात रात्री अकराला ठरतो. त्या वेळी जो नसतो त्याला संघात धरत नाहीत. मी एकट्या माझ्या मुलाचा फोन काढून घेतला असता, तर त्याला मैदानापासूनच तोडल्यासारखे झाले असते. त्या गटातील इतर चार मुलांच्या आयांशी मी बोलले. तीन घरांनी रात्री साडेदहाला फोन ओसरीवर चार्जिंगला लावायचे मान्य केले, आणि संघ आपसूकच संध्याकाळी सातला ठरू लागला. या सात महिन्यांतील सर्वांत मोठा बदल हाच आहे आणि तो कोणत्याही सेटिंगने झालेला नाही. तरी हिशेबाचा तो पडदा समोर नसता, तर मी रील्सवरच रागावत राहिले असते.

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी 2024 मध्ये झालेल्या ग्रामीण भारताच्या पाहणीत 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आदल्या आठवड्यात 57 टक्क्यांनी तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. हे आकडे वाचून पालकांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘समाजमाध्यम’ या एकाच शब्दात संघ ठरवणारा मुलगा आणि मध्यरात्री अनोळखी माणसांचे देह पाहून स्वतःच्या देहाची लाज वाटून घेणारी मुलगी, दोघेही मोजले जातात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता सासूबाईंविषयी. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत आणि घरात सर्वाधिक आकडा त्यांचा निघाला: रोज पाच तासांच्या वर, बहुतेक यूट्यूबवर भजन, कीर्तन आणि देवळांतील उत्सवांचे थेट प्रक्षेपण. आकडा पाहून मी त्यांना न विचारता एका तासाची मर्यादा लावली. ही माझी चूक होती. मर्यादा संपली की फोन बिघडला असे समजून त्या तो बाजूला ठेवत आणि गप्प बसून राहत. चौथ्या दिवशी मी खरे काय ते सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सगळी सकाळी जाता, ती दिवेलागणीला येता. दिवसभर माझ्याशी बोलतं कोण गो?” मी मर्यादा त्याच क्षणी काढली.

नंतर मी त्यांचे नीट निरीक्षण केले. शेजारची बाई फुले घेऊन आली की त्या फोन पालथा ठेवतात आणि तासभर जायांचे वळेसर करीत बसतात. फोन दिवसभरात पंधरा-वीस वेळाच अनलॉक होतो. रात्री साडेआठला तो बंद होतो आणि त्याची आठवणही त्यांना येत नाही. पाच तास वापरणाऱ्या त्या फोन सहज खाली ठेवू शकतात आणि पावणेचार तास वापरणारी मी ठेवू शकत नव्हते. नॉर्वेतील बर्गन येथे 2012 मध्ये फेसबुकच्या अतिवापरासाठी बनवलेली आणि पुढे सर्व समाजमाध्यमांना लावलेली एक प्रश्नावली आहे. मनात सतत तोच विषय असणे, आणखी आणखी हवेसे वाटणे, चिंता विसरण्यासाठी तिकडे वळणे, कमी करायचे ठरवून न जमणे, न मिळाल्यास बेचैनी येणे आणि कामावर किंवा अभ्यासावर वाईट परिणाम होणे, अशा सहा गोष्टी ती विचारते. दिवसाला किती तास, असा प्रश्न तीत नाही. मला त्यांतल्या चारांना होकार द्यावा लागला. सासूबाईंना एकालाही नाही.

त्यांच्या बाबतीत धोका होता तो वेगळा. नातेवाइकांच्या गटात फिरत आलेल्या एका निरोपावर विश्वास ठेवून त्यांनी डिसेंबरात मधुमेहाची गोळी आठ दिवस बंद ठेवली होती, आणि हे आम्हाला रक्त तपासल्यावर कळले. वेळ मोजणाऱ्या सोयीला असा धोका दिसणे शक्यच नाही, कारण तो निरोप वाचायला त्यांना एक मिनिटही लागले नसेल. व्हॉट्सॲपवर अनेक हातांतून फिरत आलेल्या निरोपावर दुहेरी बाणाची खूण असते आणि 2020 च्या एप्रिलपासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. ती खूण मी त्यांना ओळखायला शिकवली. आता दोन बाण दिसले की त्या फोन माझ्यापुढे धरतात.

यजमान पर्यटक टॅक्सी चालवतात. त्यांचा फोन हाच त्यांचा धंदा असल्याने तेथे ही सोय जवळजवळ निरुपयोगी ठरली. फोकस मोडमध्ये आम्ही व्हॉट्सॲपही घातले होते आणि त्यामुळे हंगामाच्या ऐन दिवसांत एका भाड्याचा निरोप त्यांना दिसला नाही. चूक आमच्या सेटिंगची होती, ती त्याच दिवशी दुरुस्त केली. मोपाला विमानाची वाट पाहत तीन तास बसणाऱ्या माणसाने काय करावे, या प्रश्नाला तसेही कोणत्या सेटिंगमध्ये उत्तर असणार?

दीर बोटीवर आहेत. त्यांचे दिवसाचे आकडे पाहण्यात अर्थ नाही. इंटरनेट मिळते तेव्हा सलग चार तास, नाहीतर दोन-दोन दिवस शून्य. म्हाळसेच्या जत्रेची पालखी त्यांनी फोनवर पाहिली, त्या दीड तासाला मी अतिवापर म्हणणार नाही.

भाची इन्स्टाग्रामवरून डॉस (चणाडाळीची मिठाई) आणि नारळाच्या वड्या विकते. तिचे तास कामाचे आहेत. तिला त्रास होता तो लाइकचे आकडे पुन्हा पुन्हा पाहण्याचा. 2021 पासून ते आकडे लपवण्याची सोय आहे, ती तिने जानेवारीत वापरली. मागण्या कमी झाल्या नाहीत.

‘व्यसन’ हा शब्द मी जपून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, समाजमाध्यमांच्या वापराला स्वतंत्र विकार म्हणून नाही. परंतु झोप, शाळा किंवा जेवणखाण बिघडण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर मर्यादा लावत बसण्यापेक्षा जाणत्या माणसाशी बोलावे. बांबोळीची मानसोपचार संस्था आपल्या जवळ आहे, आणि 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते.

आज आमच्याकडे परिस्थिती अशी आहे की माझ्या आणि मुलाच्या फोनवर बेडटाइम मोड चालू आहे, यजमानांच्या फोनवर फक्त हिशेब आणि सासूबाईंच्या फोनवर काहीच नाही. ॲपच्या मर्यादा सगळ्यांच्या काढल्या. संध्याकाळी सहाला कामावरून आले की मी आधी सासूबाईंजवळ अर्धा तास बसते. मार्चमध्ये त्यांचा आकडा साडेतीन तासांवर आला आहे, आणि त्यासाठी त्यांच्या फोनला कुणी हात लावलेला नाही.