ऑप्टुना: नेटवर्क अचूकही हवं आणि हलकंही

बेस्टच्या बसवरचा देवनागरी क्रमांक फोनच्या कॅमेऱ्याने वाचून बोलून दाखवणारं ॲप करायचं आहे, असं धरा. चित्र ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने १ चा ९ केला तर माणूस भलत्याच बसमध्ये चढणार. उत्तर उशिरा आलं तर बस स्टॉप सोडून पुढे गेलेली असणार. अचूकता वाढवायला नेटवर्क मोठं करावं तर वेग पडतो, आणि तोही स्वस्तातल्या फोनवर जास्तच. लेअर (नेटवर्कचे थर) किती, चॅनेल (थराची रुंदी) किती, चित्र किती पिक्सेलचं, हे हाताने चाचपत बसण्याऐवजी हा शोध मशीनवर सोपवायचा असेल तर मोफत साधनांत ऑप्टुना सगळ्यात सोयीचं. मात्र अचूकता आणि वेग अशी ध्येयं दोन असताना त्याच्या मूळ सेटिंगवर विसंबलात तर जीपीयूचं (नेटवर्क शिकवणाऱ्या जलद प्रोसेसरचं) भाडं पाण्यात जातं.

टोकियोच्या प्रिफर्ड नेटवर्क्सने २०१८ च्या अखेरीस हे पायथॉन साधन खुलं केलं. परवाना एमआयटी, म्हणजे धंद्यासाठीही बिनदिक्कत वापरा. याची खरी मजा अशी की शोधाची जागा आधी वेगळ्या फाइलीत मांडावी लागत नाही. नेहमीच्या फंक्शनमध्येच सजेस्ट_इंटने (पूर्णांक सुचवणारं फंक्शन) ब्लॉकची, म्हणजे लेअरच्या गटांची, संख्या मागायची (३ ते ६), मग साध्या फॉर लूपमध्ये प्रत्येक ब्लॉकचे चॅनेल मागायचे (१६ ते ९६, पायरी १६), कर्नल (चित्रावर सरकणारी खिडकी) ३ की ५, चित्र ६४, ९६ की १२८ पिक्सेल. लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) ०.०००१ ते ०.०१, लॉग मापात (दहाच्या पटींत). लॉगसोबत पायरी दिली तर एरर येते.

इथे एक छुपा खड्डा आहे. लूपमध्ये प्रत्येक ब्लॉकला तेच नाव दिलं तर ऑप्टुना त्या ट्रायलमध्ये (एका नेटवर्कच्या चाचणीत) पहिल्यांदा दिलेलाच आकडा पुन्हा पुन्हा देतं. प्रोग्रॅम निमूट चालतो, पण सगळे ब्लॉक एकाच रुंदीचे निघतात. नावात ब्लॉकचा क्रमांक घाला.

आता मुख्य मुद्दा, सॅम्पलर, म्हणजे पुढचे आकडे निवडणारी पद्धत. एकच ध्येय असेल तर ऑप्टुना आपणहून टीपीई (आधीच्या निकालांवरून चांगल्या आकड्यांचा अंदाज बांधणारी पद्धत) वापरतं; दोन ध्येयं दिली की एनएसजीए-टू (उत्क्रांतीसारखा पिढ्यापिढ्यांनी शोध). ही पद्धत कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी कानपूर आयआयटीत घडवली, २००२ चा तो शोधनिबंध या क्षेत्रात आजही पायाचा मानतात. पद्धतीत खोट नाही, अडचण गणिताची आहे. ऑप्टुनात तिची लोकसंख्या (एका पिढीतल्या ट्रायल) मुळात ५० ठेवलेली आहे आणि पहिली पिढी निव्वळ यादृच्छिक असते. एका ट्रायलला १२ मिनिटं लागत असतील तर १०० ट्रायल म्हणजे २० तास, आणि एवढ्यात पिढ्या होतात फक्त दोन. निवड आणि संकर यांना जेमतेम एकदा संधी मिळते. शंभर-दोनशे ट्रायलच परवडत असतील तर टीपीई सॅम्पलर स्वतः लिहून द्या, मल्टिव्हेरिएट (सगळ्या आकड्यांचा एकत्र विचार) चालू करा, आणि अनेक जीपीयूंवर एकदम चालवत असाल तर कॉन्स्टंट_लायरही (अजून चालू असलेल्या ट्रायलही हिशेबात धरणारा पर्याय); नाहीतर दोन वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया) शेजारशेजारचेच आकडे उचलत राहतात. एनएसजीए-टू हजारभर स्वस्त ट्रायलसाठी राखून ठेवा, किंवा लोकसंख्या २० वर आणा. हाताने बनवलेलं चांगलं नेटवर्क आधीच हाताशी असेल तर एनक्यू_ट्रायलने तेच पहिलं घाला.

दुसरी उणीव जास्त बोचते. एका ध्येयाच्या शोधात वाईट ट्रायल अर्ध्यावर तोडता येते, आणि ऑप्टुनाची बरीचशी कीर्ती त्यावरच उभी आहे. दोन ध्येयं दिली की ही सोय बंद: रिपोर्ट फंक्शनला हाक मारताच एरर. वाट काढता येते. समजा मर्यादा २ एमबीची आहे; मॉडेल तिच्यावर जाणार हे पॅरामीटर मोजून प्रशिक्षणाआधीच कळतं. तिथेच अचूकता शून्य परत करा आणि कन्स्ट्रेंटचा (मर्यादेचा) आकडा शून्याच्या वर द्या, म्हणजे मर्यादा मोडली असं ठरतं. नुसतं कन्स्ट्रेंट फंक्शन लिहून भागत नाही, कारण ते ट्रायल संपल्यावर तपासलं जातं, तोवर १२ मिनिटं गेलेली असतात. दुसरी वाट एमनासनेटवाल्यांची (गूगलचं फोनसाठी शोधलेलं नेटवर्क): अचूकतेला (वेळ भागिले लक्ष्य वेळ) याच्या −०.०७ घाताने गुणायचं आणि एकच आकडा करायचा. मग ट्रायल तोडता येतात, पण हाती येतो एकच तडजोडीचा बिंदू, पॅरेटो रेषा (एका ध्येयात मागे आल्याशिवाय दुसऱ्यात पुढे जाता येत नाही असे सगळे बिंदू) नाही.

वेळ मोजायची ती खऱ्या फोनवरच. जीपीयूवर झपाट्याने चालणारं नेटवर्क फोनवर रेंगाळू शकतं. डेप्थवाइज (प्रत्येक चॅनेलवर वेगळ्या चालणाऱ्या) लेअरमध्ये गुणाकार कमी असले तरी मेमरीची ये-जा वेळ खाते. फोन यूएसबीने जोडा, पहिल्या दहा फेऱ्या टाकून द्या, पुढच्या ५० चा मध्यक घ्या. मुंबईच्या मे महिन्यात चार्जिंगला लावलेला फोन तापतो, प्रोसेसर आपला वेग उतरवतो, आणि दुपारच्या ट्रायल रात्रीच्यांपेक्षा उगाच मंद ठरतात. पंख्यासमोर ठेवा, दर मोजणीआधी तापमान ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत थांबा. जीपीयू चार असले तरी फोन एकच असतो, म्हणून मोजणीभोवती लॉक (एका वेळी एकच मोजणी) हवंच.

साठवणुकीचं थोडक्यात. काही न सांगितल्यास सगळं मेमरीत राहतं, वीज गेली की संपलं. एका मशीनला एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) पुरतं. अनेक वर्कर एकदम लिहू लागले की डेटाबेस लॉक होतो, तिथे पोस्टग्रेस (सर्व्हरवरचा डेटाबेस) किंवा ऑप्टुनाचं जर्नल स्टोरेज. लोड_इफ_एक्झिस्ट्स चालू ठेवलं की बंद पडलेला शोध पुढे सुरू होतो. कॅचमध्ये (दुर्लक्ष करायच्या एररची यादी) रनटाइम एरर लिहून ठेवा, नाहीतर जीपीयूची मेमरी एकदा भरली की अख्खी रांग थांबते.

निकाल बेस्ट_ट्रायल्समधून घ्यायचा. एकवचनी बेस्ट_ट्रायल इथे एरर देतो. पॅरेटोचा आलेख दिसतो देखणा, पण त्यावर लगेच भाळू नका. शंभरातून वर आलेल्या बिंदूंत काही निव्वळ सीडच्या (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याच्या) नशिबाने वर असतात. रेषेवरचे पाच-सहा बिंदू उचला, पूर्ण एपॉक (सगळ्या फोटोंवरच्या फेऱ्या) देऊन तीन वेगळ्या सीडवर पुन्हा शिकवा, आणि शोधाने कधीच न पाहिलेल्या फोटोंवर तपासा. फोटोंची वाटणी बसनुसार करा: एकाच बसच्या लागोपाठच्या फ्रेम दोन्हीकडे गेल्या तर प्रत्येक नेटवर्क हुशार दिसतं. पावसाळ्यातले, काचेवर थेंब असलेले फोटो वेगळे काढून त्यांची अचूकता स्वतंत्र मोजा. ६४ पिक्सेलची मॉडेलं पॅरेटो रेषेवर वेगाच्या जोरावर टिकून असतात, ती आधी तिथेच घसरतात.