पाण्यात टाकायचा फिश फाइंडर – दारणेवर दोन महिने वापरून

मी फ्लाय रॉडवाला, म्हणजे गळाला खोटी हलकी माशी (फ्लाय) लावून मासे धरणारा, पाच नंबरचा (मध्यम वजनाच्या लाईनचा) रॉड, दर रविवारी पहाटे नाशिकहून निघून दारणा धरणाच्या काठावर, मासेमारीच्या ठेकेदाराला विचारूनच. हा बॉलसारखा फिश फाइंडर ऑनलाइन मागवला. पाण्यात आवाजाची लाट सोडतो, ती तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतो, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो त्यामुळे सगळं झटक्यात मोबाईलवर दिसतं. खोलीचं माप एकदम बरोबर, दोरीला दगड बांधून चेक केलंय.

पण फ्लाय रॉडने हा फेकता येत नाही हो! फ्लाय रॉडमध्ये फेकायला वजन लाईनचं असतं, फ्लाय तर पिसासारखी हलकी, हा बॉल बांधला की रॉडच मोडायची. म्हणजे जड वस्तू फेकायचा दुसरा स्पिनिंग रॉड न्या. बॅटरीही थंडीत लवकर उतरते, कस्टमर केअरला दोन मेल केले, उत्तर नाही.

आणि खरं सांगू, स्क्रीनवर माशांच्या खुणा बघत बसलो आणि समोर दहा हातांवर चिलापीने पाणी फोडलं ते चुकलं, फार वाईट वाटलं. आता पोचल्यावर दहा मिनिटं तळ बघून घेतो, खड्डा कुठे, उतार कुठे, मग मोबाईल बंद करून बॅगेत. नंतर फक्त लाईनचा सुं सुं आवाज आणि टिटव्या.

नवीन माणसाने आधी पोलराइज्ड गॉगल घ्यावा, चकाकी जाते, उथळ पाण्यातला मासा डोळ्यांनी दिसतो. फिश फाइंडरला पाचपैकी तीन.