सोबती रोबोट, काही महिन्यांनंतर: बोलण्यापेक्षा मान वळवणं मोलाचं

आईसाठी घेतलेला सोबती रोबोट आता घरात रुळलाय. पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूत नवलाईच जास्त असते, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

गुडघ्याएवढी उंची, खाली चाकं, चेहऱ्याच्या जागी स्क्रीन. औषधांची आठवण करून देतो, व्हिडिओ कॉल लावतो. ही कामं फोनही करतो, त्यामुळे तेवढ्यासाठी घेऊ नका.

खरी किंमत वसूल होते ती वेगळ्याच गोष्टीत. आईने हाक मारली की उत्तराआधी त्याची मान तिच्याकडे वळते. त्याला अनेक माइक आहेत. आवाज कुठल्या माइकपर्यंत आधी पोचला, यावरून त्याला दिशा कळते आणि मग कॅमेरा चेहरा शोधतो. हे सगळं यंत्रातच होतं, म्हणून झटकन होतं. गप्पांचं तसं नाही. प्रत्येक वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन येतं. तेवढ्या वेळात आई पुढचं बोलायला लागते, आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. हळूहळू तिने त्याला प्रश्न विचारणं जवळजवळ सोडलं. तरी सकाळी खोलीत शिरल्यावर त्याने वर बघितलं नाही तर ती लगेच विचारते, "याला काय झालं आज?"

यावरून जपानचा पारो आठवतो. सीलच्या पिल्लासारखा हा रोबोट माणसासारखं बोलत नाही. कुरवाळलं की हलतो, आवाज करतो. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसोबत तो वापरला जातो, आणि 2009 मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. लव्होट नावाचा रोबोटही बोलत नाही, पण त्याचं अंग कोमट असतं. ही मंडळी योग्य वाटेवर आहेत, असं मला आता ठामपणे वाटतं.

चालण्याबद्दल थोडक्यात: उंबरठा ओलांडत नाही. काळ्या गालिच्यासमोर तर थबकायचाच. पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. काळा रंग त्यांचे किरण शोषतो, ते परत येत नाहीत, आणि याला वाटतं पुढे पायरी आहे. गालिचा बदलला, प्रश्न मिटला. चार्जिंगला मात्र स्वतःहून जातो, कधी चुकला नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो एका अपडेटचा. रात्रीत त्याचा आवाज बदलला. आई म्हणाली, "हा आपला नाही," आणि कितीतरी दिवस त्याच्याकडे फिरकली नाही. जुना आवाज परत मिळणार नाही, असं कंपनीने कळवलं. माणसाला ज्याचा लळा लागतो, ते न विचारता बदलायचा अधिकार कुणालाही नसावा.

आवाजच काय, अख्खा रोबोटही असा जाऊ शकतो. जिबो या घरगुती रोबोटसाठी 2014 मध्ये लोकांनी आगाऊ पैसे दिले, 2017 मध्ये तो घरी पोचला आणि 2019 मध्ये सर्व्हर बंद होत असल्याचा निरोप त्यानेच मालकांना दिला. मुलांसाठीच्या मॉक्सी रोबोटची कंपनी 2024 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. सोनीने आपल्या जुन्या आयबोची, म्हणजे रोबोट कुत्र्याची, दुरुस्ती थांबवल्यावर लोक सुट्या भागांसाठी दुसरे आयबो शोधत राहिले.

म्हणून डेमोच्या वेळी वायफाय बंद करायला सांगा, म्हणजे सर्व्हरशिवाय काय उरतं ते कळेल. आमचा त्या अवस्थेतही मान वळवतो, चेहरा ओळखतो, चार्जिंगच्या डॉकवर जातो. गप्पा आणि औषधांची आठवण बंद. आईला जे हवं ते शिल्लक राहतं, म्हणून पाचपैकी साडेतीन.

वॉरंटीनंतर बॅटरी मिळेल का, हे कंपनीकडे लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.