बिडी सोडवताना: निकोटीनचा गम की व्हॅरेनिक्लिनची गोळी?

घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचा रुग्ण आहे आणि त्याची बिडी सोडवायची आहे, असे म्हटले की आमच्या पूर्व विदर्भातील गावांत पहिला शेरा ठरलेला असतो: ‘त्याच्या मनातच नाही, तर औषध काय करेल?’ हा शेरा चुकीचा आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनाही बिडी सोडायची असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र ती इच्छा आजाराच्या चढउताराबरोबर कमीजास्त होते, आणि ती बोलून दाखवली जाते त्या दिवशी काहीतरी ठोस हाताशी असावे लागते.

२ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ही त्याची मोठी सोय. अडचण चघळण्याच्या पद्धतीत आहे. माझ्या थोरल्या भावाने पहिला गम खर्ऱ्यासारखा (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणासारखा) भराभर चावून रस गिळला, त्याला उचक्या लागल्या, आणि पाचव्या मिनिटाला तो अंगणात थुंकून ‘हे आपल्याच्यानं नाही होत’ म्हणत बाजेवर जाऊन पडला. गम हळूहळू चावायचा, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असे सुमारे अर्धा तास करायचे असते. त्याआधीची १५ मिनिटे चहाही घ्यायचा नसतो. म्हणून पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी बसून ते करवून घ्यावे. खर्ऱ्यामुळे ज्याचे तोंड पुरते उघडत नाही, त्याच्यासाठी कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पॅचबद्दल विचारावे.

व्हॅरेनिक्लिन ही बिडीची तलफ कमी करणारी गोळी; तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती साधारणपणे बिडी सोडण्याच्या ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी कमी मात्रेत सुरू करतात आणि १२ आठवडे देतात. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. मानसिक रुग्णांना ही गोळी चालत नाही, अशी भीती अजूनही ऐकू येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ईगल्स चाचणीत ८,००० हून अधिक लोक होते आणि त्यांतील सुमारे निम्म्यांना मानसिक आजार होता. त्या रुग्णांत औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा व्हॅरेनिक्लिनमुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीयरीत्या वाढला नाही, आणि धूम्रपान सुटण्याचे प्रमाण पॅचपेक्षा अधिक राहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळीवरील मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा काढून टाकला. मात्र चाचणीतील रुग्णांचा आजार स्थिर होता, हे विसरू नये.

यांपैकी काहीही निवडले, तरी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मनाच्या आजारावरची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना तारीख आधी सांगितलीच पाहिजे. बिडीच्या धुरातील घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक काम करते आणि ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबला की काही दिवसांतच, मात्रा तीच असूनही, रक्तातील औषध वाढते. हे काम धुराचे आहे, निकोटीनचे नव्हे, म्हणून गम लावून दिला तरी ते टळत नाही, आणि पानठेल्यावर बिडीऐवजी खर्रा घेतला तरीही टळत नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले. बिडी बंद झाली, खर्रा वाढला, सगळ्यांनी भावाचे कौतुक केले, आणि आठवडाभरात त्याची उशी रोज सकाळी लाळेने भिजलेली दिसू लागली. जेवताना हातातला घास ताटात पडे आणि तो तसाच बसून झोपे. आम्ही आजार उलटला असे समजून घाबरलो, पण ती वाढलेल्या क्लोझापिनची गुंगी होती. खर्ऱ्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका ओढवतो, तो वेगळाच.

माझे मत सांगायचे तर, रुग्ण दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात जातच असेल तर व्हॅरेनिक्लिन निवडावी, कारण तेच डॉक्टर मनाच्या औषधाची मात्राही जुळवून देतात. पुढची फेरी लांब असेल आणि इच्छा आज झाली असेल, तर गम आणून ठेवावा, पण धूर पूर्ण थांबवण्याआधी १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर बोलून औषधाबद्दल विचारून घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही आहे. रोवणीच्या दिवसांत तारीख धरू नये, कारण तेव्हा शेजारी बसायला घरात कुणी नसते. बिडी पुन्हा सुरू झाली तर रागावून ते लपवू नये. तेही डॉक्टरांना कळवावे, कारण कमी केलेली मात्रा मग अपुरी पडते.