पिकअपचा जड क्लच: आठ महिने, साडेसतरा हजार किलोमीटर आणि त्याआधी फसलेली एक प्लेट

आधी गाडीचं सांगतो. बोलेरो पिकअप, अडीच लिटरची कॉमन रेल डिझेल, जुनी घेतलेली. तासगाव तालुक्यात बाग आहे, त्यामुळं जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या पेट्या, नंतर बेदाणा, छाटणीच्या आधी खत, आणि मधल्या काळात गावात कुणाचं काय निघेल ते. गाडीत मी तीन बदल केलेत. मागच्या कमानीला एक पाटा वाढवला, टायर एक नंबर मोठे घातले आणि दोन वर्षांपूर्वी इंजिनाचा मॅप, म्हणजे डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम, बदलून घेतला. कंपनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, दोनशे न्यूटन मीटरच्या आसपास, मॅपवाल्यानं २६० सांगितला. मोजून कुणी दिला नाही, पण पायाला फरक कळतो एवढं खरं.

इथंच एक सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर कडक भूमिका घेतली. अपघातात विम्याचा दावा अडकला तर रडायला कुणी येत नाही. मी केलं म्हणून तुम्ही करा, असं माझं म्हणणं नाही. ज्यांनी आधीच करून ठेवलंय आणि आता क्लच बोंबलतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर कोंबडखताची पोती भरून मिरजेकडून येत होतो. दंडोबाच्या डोंगराच्या अंगाच्या चढाला चौथ्या गिअरात पाय दाबला, तर इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी आहे तिथंच. पाय सोडला की आवाज खाली, दाबला की नुसताच आवाज. दोन मिनिटांत केबिनमध्ये तो वास. ज्याला एकदा आलाय त्याला वेगळा सांगावा लागत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या आसपास वरचा गिअर टाकावा आणि एक्सलेटर पूर्ण दाबावा. आवाज आणि वेग बरोबर चढले तर क्लच धरतोय. आवाज एकटाच पुढं पळाला तर दिवस भरले. घसरणं आधी वरच्या गिअरातच दिसतं. प्लेट जळते मात्र पहिल्या आणि रिव्हर्सला, हाफ क्लचवर. ही गंमत मला तेव्हा कळली नव्हती आणि त्याचे पैसे मी भरले.

गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा प्लेट झिजून रिव्हेटपर्यंत आली होती आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, ज्यावर प्लेट घासते) निळे-काळे डाग. दुकानदार म्हणाला, मॅप केलेल्या गाडीला साधी प्लेट पुरतच नाही, बटणाची घाला, पुन्हा बघायला नको. बटणाची म्हणजे पूर्ण अस्तराऐवजी सिरॅमिकचे तुकडे बसवलेली. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरला सर्रास असते, सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो तर आपली पिकअप काय, असा हिशेब करून दसऱ्याच्या सुमाराला ती बसवली. सेट साडेनऊ हजार, मजुरी तीन.

घसरणं बंद झालं, अगदी पूर्ण. त्या कामात प्लेटला नाव ठेवायला जागा नाही. पण ती प्लेट एक तर सुटलेली असते, नाही तर धरलेली. मधलं काही नाहीच. पेडल वर येताना अर्धा इंच असा आहे की गाडी थरथरते आणि मग गचकन उडी मारते. रिकाम्या गाडीत जास्तच. न्यूट्रलला उभी असली की गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. चार सिलिंडरच्या डिझेलला प्रत्येक फेऱ्यात दोन दणके बसतात. साध्या प्लेटच्या मधल्या भागात ज्या स्प्रिंगा असतात त्या हे दणके गिळतात. माझ्या बटणाच्या प्लेटला त्या नव्हत्याच. घेताना मी फक्त बटणं मोजली, मधोमध बघितलं नाही.

तरी ओढत राहिलो असतो. पण जानेवारीत माल सुरू झाला. बागेत गाडी रिव्हर्सच घ्यावी लागते. बांधावरून मागं, वळवायला जागा नाही, जमीन भुसभुशीत, आणि गडी मागून हात करत असतात, “अजून, अजून, बास!” या कामाला क्लच पावलाच्या टोकावर नाचला पाहिजे. माझा नाचत नव्हता, आदळत होता. भरलेली गाडी बांधावर काढताना तीन-चार वेळा गचके बसले की पेट्यांची थप्पी मागच्या फाळक्यावर जाऊन आपटायची. एका फेरीला व्यापाऱ्यानं माझ्यासमोर पेटी उघडली, घड वर उचलला, तर मणी तळाला गळालेले. म्हणाला काही नाही. चार पेट्या बाजूला काढल्या आणि वेगळा भाव लावला. मालात साखर चढलेली होती, थोडी मणीगळ तशीही झाली असती. पण त्या आठवड्यात क्लचनं मला किती रुपयाला घातलं, याचा हिशेब मी डोक्यात केला तो बरोबर असावा असं वाटतं.

मग मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. साठीच्या पुढचा माणूस, पिकअपांचीच कामं करतो. मी टॉर्क, मॅप, सिरॅमिक सगळं सांगत सुटलो. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, “मालक, दिवसात रिव्हर्स किती मारता?”

मी म्हटलं, “सीझनला तीस-चाळीस वेळा.”

“मग ट्रॅक्टरची प्लेट कुणी सांगितली? ट्रॅक्टर एकदा गिअरात पडला की नांगरटीचं तास संपेपर्यंत कोण क्लच दाबतंय? ज्याचं काम त्यालाच ठेवा.”

त्यांनी सुचवलं ते असं: प्लेट पूर्ण अस्तराची, नेहमीच्या ऑरगॅनिक लायनिंगची, मधे स्प्रिंगा असलेली. बदलायची ती प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी. तिची डायफ्राम स्प्रिंग जड, दाब सुमारे वीस टक्के जास्त.

हे का चालतं ते मी घरी येऊन कागदावर मांडलं, कारण नुसत्या शब्दावर दुसऱ्यांदा एवढे पैसे घालायची हिंमत नव्हती. क्लच किती टॉर्क धरेल ते चार गोष्टींवर ठरतं: घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू, म्हणजे दोन. समजा दाब ५५०० न्यूटन, त्रिज्या १०० मिलिमीटर आणि घर्षणांक ०.३. गुणाकार ३३० न्यूटन मीटर येतो. गार क्लचला २६० काहीच नाही. पण तीच प्लेट हाफ क्लचवर तापली आणि घर्षणांक ०.२ वर आला की उरतात २२०. कंपनीच्या दोनशेला तेवढे पुरतात, माझ्या २६० ला पुरत नाहीत. आता दाब वीस टक्के वाढवा: ६६०० न्यूटन, आणि तापलेल्या अवस्थेतही २६४. काठावर आहे, पण धरतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. मला त्यातून कळलं ते एवढंच की माझी अडचण ताकदीची कमी आणि उष्णतेची जास्त होती. सिरॅमिक तापाला दणकट असतं हे खरंच. पण मुळात प्लेट तापतच नसेल तर ते कशाला हवंय?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काम केलं, भर सीझनमध्ये दोन दिवस गाडी बंद. फ्लायव्हील कुपवाड एमआयडीसीत लेथवर फेस करून आणलं. बटणांनी त्यावर साडेतीन महिन्यांत गोल नाल्या पाडल्या होत्या, नखाला लागत होत्या. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवं टाकलं. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर सीलचे पैसे वाचवू नका. तेलाचा एक ओघळ नव्या अस्तरावर आला की अख्खा खर्च पाण्यात. सगळं मिळून चौदा हजार आठशे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की लोक खोकं बघतात, आतली प्लेट कुणी बघत नाही.

पहिले आठशे किलोमीटर घाट नाही, ओढकाम नाही, पूर्ण भरती नाही. सीझनला हे जीवावर येतं. मी भावकीतल्या एकाची गाडी भाड्यानं घेतली आणि माझी पिकअप रिकाम्या पेट्या आणायला फिरवली. अस्तर बसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. गडबड केली की वरचा थर जळून चकचकीत होतो आणि मग नवा क्लच पहिल्याच महिन्यात घसरतो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. चिपळूणला बेदाणा पोचवून येताना कंपाउंडसाठी जांभ्याचे चाळीस चिरे भरले. एक चिरा तीस-पस्तीस किलो, म्हणजे बाराशे ते चौदाशे किलो वजन. कुंभार्ली घाटात वरच्या वळणाला ट्रक बंद पडलेला, त्यामागं एसटी, एसटीमागं मी. पाऊण तासात गाडी शंभर-शंभर फूट सरकत होती, प्रत्येक वेळी चढावर उभ्यातून उठवायची. मी हँडब्रेक लावून पेडल पूर्ण वर ठेवून थांबत होतो, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली नाही. सुटताना इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर, क्लच सावकाश, हँडब्रेक खाली. बहुधा बारा-तेरा वेळा उठवली असेल. शेवटच्या दोन वेळा थोडा वास आला, पण घसरली नाही, की थरथरली नाही. कोयनानगरला येऊन चहा घेतला, वासही गेला. जुन्या प्लेटवर मी त्या घाटात झोपलो असतो.

याचं सगळं श्रेय क्लचला देणं बरोबर नाही. मधे मॅपवाल्याकडं जाऊन सोळाशे आरपीएमच्या खालचा टॉर्क कमी करून घेतला. त्यानं मूळ मॅप असा भरला होता की चौदाशेलाच सगळं एकदम यायचं. चालवायला मजा, क्लचला मार, मागं काळा धूर वेगळाच. आता तो जोर हळूहळू चढतो. माझ्या अंदाजानं निम्मा फरक यानंच पडला, आणि हे आधी केलं असतं तर कदाचित बटणाच्या प्लेटचा खेळच झाला नसता. मोठ्या टायरचंही तेच. घेर मोजला तर सहा टक्के जास्त, म्हणजे पहिला गिअर तेवढाच उंच झाला आणि गाडी उठवताना क्लचला तेवढं जास्त झिजावं लागतं. दिसायला गाडी भारी दिसते, एवढाच फायदा.

आता खटकतंय ते. पेडल जड आहे. सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी अडकलो की डावी पोटरी बोलते. वडील महिनाभर चालवून बघून म्हणाले, “तुझी गाडी तूच चालव,” आणि मोटारसायकल काढली. त्यांचा गुडघा धरतो, त्यांचं चुकीचं नाही. घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर हा मुद्दा दुकानात जाण्याआधी घरात काढा.

पावसाळ्यात, रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली असली की सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा रिव्हर्सला थरथर येते. ओल धरलेलं अस्तर आणि फ्लायव्हीलवर आलेला पातळ गंज, बाकी काही नाही. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत जाते. पहिल्यांदा मी घाबरून थेट मिरज गाठली होती, मिस्त्री हसले.

अकरा हजार किलोमीटरला खालच्या क्लच सिलिंडरमधून तेल पाझरायला लागलं. जड दाबामुळं का जुनाच वॉशर गेला, ठामपणे सांगता येणार नाही. किट टाकली, बंद झालं. शिवाय जड प्रेशर प्लेट म्हणजे पेडल दाबून धरलं की तेवढा जास्त रेटा क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारी चकती). म्हणून सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढतो. आमच्या ड्रायव्हरला पाय पेडलवर टेकवून चालवायची सवय होती. ती मोडायला मला क्लच बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि अजून मी शेजारी नसलो की पाय तिथंच असणार याची मला खात्री आहे.

सरळ हायवेला मोकळी गाडी पळवणाऱ्याला, किंवा मॅप न केलेल्या गाडीला, यातलं काहीही नको. कंपनीचाच सेट घाला, पेडल हलकं राहील. ज्याची गाडी सतत ओढकामात, वळण-रिव्हर्स कमी, त्याला सिरॅमिक चालेलही, फक्त मधे स्प्रिंगा असलेली प्लेट मागून घ्या आणि फ्लायव्हील झिजणार हे धरून चला. माझ्यासारख्या बाग, बाजार आणि घाट अशा मिसळीला जड प्रेशर प्लेट आणि साधं अस्तर, हेच मी पुन्हा घेईन.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला तेव्हा खाली वाकून सिलिंडर बघितला, कोरडा आहे. पेडल नवं होतं त्यापेक्षा किंचित वर येऊन धरतं, म्हणजे अस्तर झिजतंय, पण वेगानं नाही. टायर संपले की मूळ मापाचे घालणार आहे, एक सीझन तरी अजून जाईल.