सिझेरियननंतर आयर्नची सलाईन: काही महिन्यांनी

घरी सोडताना एचबी (हिमोग्लोबिन) 8.1. बाळंतपणानंतर 10 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, त्यामुळे वाद नव्हता. सलाईन महाग, म्हणून आधी फेरस सल्फेटच्या गोळ्याच घेतल्या. शी काळी होते, तिचं काही नाही. पण पोटावर टाके असताना कुंथावं लागणं भयंकर. त्यात कॅल्शियमची गोळी त्याच वेळेला लिहून दिलेली. कॅल्शियमसोबत लोह नीट शोषलं जात नाही, हे औषध देणाऱ्याने सांगितलं. डिस्चार्जच्या कागदावर त्याचा पत्ता नव्हता! एचबी जेमतेम हललं.

मग आयर्नची सलाईन, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज नावाची. 1000 मिलीग्रॅम पंधरा मिनिटांत आत, पुढे अर्धा तास रिॲक्शनसाठी नजरेखाली. सोपं प्रकरण. फक्त सुईपाशी चुणचुणायला लागलं, मी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "होतं तसं, हात हलवू नका." औषध नसेबाहेर झिरपत होतं. कोपराच्या आत तपकिरी डाग पडला तो अजून जसाच्या तसा आहे. बाळाला घेतलं की नेमका समोर येतो. सही घेतली त्या कागदात ॲलर्जीचा उल्लेख होता, डागाचा नाही. चुणचुणलं किंवा फुगलं तर सलाईन तिथल्या तिथे थांबवायला लावा, भिडेखातर गप्प बसू नका. या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी दोनच तारे देणार होते.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात नवा रिपोर्ट आला: 11.9. जिना चढताना लागणारी धाप गेल्याचं त्यानंतर लक्षात आलं. पोटाचा त्रास तर सलाईननंतर झालाच नाही. तेव्हा चार तारे. (केस गळतायत, पण ते बाळंतपणाचे, औषधाच्या माथी मारत नाही.)

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सलाईननंतर लगेच तपासू नका, आकडा फुगलेला येतो. निदान चार आठवडे जाऊ द्यात, नाहीतर तपासणीचे पैसे वाया. आणि हेच औषध पुन्हा घ्यायची वेळ आली, किंवा हाडं दुखून अशक्तपणा वाढला, तर रक्तातलं फॉस्फेट बघायला सांगा. या औषधाने ते उतरू शकतं.

डागावर लेझर करता येतो म्हणे. खर्च विचारला. तूर्त पूर्ण बाह्यांचे कपडे घालते.