पितळ नरम करायला मफल भट्टी आणि ताप-खडू : आठ महिने वापरल्यावर

ठोकून कडक झालेला पत्रा तापवून नरम करायचा तांबट आळीतला जुना हिशेब सोपा आहे: पत्रा लाल दिसला की काढा. तांब्याला तो चालतो. 70:30 पितळेला (70 भाग तांबं, 30 भाग जस्त) चालत नाही, कारण ही लाली उजेडावर ठरते. अंधाऱ्या कोपऱ्यात ती 525 अंश सेल्सिअसच्या आसपास दिसू लागते. दारातल्या दुपारच्या उजेडात दिसेपर्यंत पत्रा 600 च्या पुढे गेलेला असतो. मग धातूचा दाणा (आतले स्फटिक) मोठा होतो, पत्रा वाकवला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, आणि कितीही मठारलं (गुळगुळीत हातोडीने हलकं ठोकलं) तरी ती साल पुरती जात नाही.

आमच्या कामाला 500 ते 550 बसलं. 20 गेज जाडीचा, चांगला ठोकलेला पत्रा, मफल भट्टी (मालाला ज्योत न लागणारी बंद पेटी) आधी तापवून आत वीस मिनिटं. 400 च्या खाली काही पत्रे अर्धवट नरम निघाले: हाताने वाकतात, पण सोडले की स्प्रिंगसारखे मागे येतात. प्रत्येक खेपेला बोटभर रुंदीची पट्टी सोबत टाकावी आणि आधी तीच वाकवून बघावी.

भट्टीची खोड अशी की थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मागच्या भिंतीपाशी आहे. आकडा 540 दाखवतो तेव्हा दाराजवळचा पत्रा बराच थंड असतो. म्हणून दाराकडचा चार बोटं भाग रिकामा ठेवतो, आणि पत्रे एकावर एक न रचता विटेच्या तुकड्यांवर उभे करतो.

ताप-खडूचं, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूचं, काम मात्र चोख. 500 चा खडू त्या तापमानाला ओला होऊन चकाकतो. टॉर्चने तापवताना रेघ एका बाजूला, ज्योत दुसऱ्या बाजूला; रेघेवरच ज्योत मारली तर खडू आधीच वितळतो आणि फसवतो. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने चकचकीत पत्र्यावर 500 ला 200 सुद्धा दाखवलं नाही. पॉलिश धातू उष्णता फार कमी बाहेर टाकतो, आणि गन तो शक्य तेवढ्या उष्णतेच्या 0.95 पट टाकतो असं धरून मोजते. इथे तिचं पितळ उघडं पडलं. तिचे पैसे वाया.

टॉर्चखाली पांढरा धूर दिसला तर जस्त जळतंय: ज्योत लगेच बाजूला, खिडकी उघडी. बाहेर काढलेला पत्रा पाण्यात बुडवला काय, हवेत ठेवला काय, नरमपणा तेवढाच राहतो. काळा थर दहा भाग पाण्यात एक भाग सल्फ्युरिक ॲसिड घालून काढावा (ॲसिड पाण्यात, उलट कधीच नाही). त्यात लोखंडी सांडशी घातली की पितळेवर गुलाबी तांबं चढतं, तांब्याची वापरा.

तयार वस्तूसाठी वेगळा आकडा: 260 अंश, एक तास. कडकपणा राहतो, आतला ताण जातो. ब्रिटिशांच्या लष्करात हिंदुस्थानच्या पावसाळ्यात काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत. ठोकताना राहिलेला ताण आणि तबेल्यातला अमोनिया ही त्याची कारणं. पावसाळ्यात कडेला चिरणाऱ्या घंगाळ्याचं दुखणंही बहुधा हेच. भट्टीचा हा उपयोग आम्हाला सर्वांत उशिरा कळला, आणि आता तीच खेप सर्वांत जास्त लागते.